असन्निधानातील आधार : भिक्षुक आणि वासनिक

परमेश्वरावतार प्रत्यक्ष विद्यमान असतो त्या काळास मार्गात सन्निधान म्हणतात, आणि तो दृष्टीआड झाल्यानंतरच्या काळास असन्निधान. आजचा प्रत्येक उपदेशी, प्रत्येक वासनिक आणि प्रत्येक भिक्षुक असन्निधानातच जन्मास आलेला आहे. तेव्हा दुःख कोसळले असता जीवाने कोणाकडे पाहावे, हा प्रश्न परंपरेस नवा नाही. किंबहुना सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर मार्गाची जी घडण झाली ती पुष्कळ अंशी याच प्रश्नाचे उत्तर शोधताना झाली, असे म्हटल्यास चुकीचे ठरू नये.

हल्ली 'मानसिक ताण' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. बालाघाटावरच्या माणसाला तो वर्तमानपत्राने दिला. त्याचा स्वतःचा शब्द 'घोर'. जिवाला घोर लागला, असे तो म्हणतो आणि बहुधा तेवढेच म्हणून गप्प बसतो. बीडहून दक्षिणेस धुळे–सोलापूर महामार्गाने मांजरसुंब्याचा घाट चढून पुढे गेले की चौसाळा लागते. बीड तालुक्यातील हे गाव. आसपास हलक्या जमिनीचा, पावसावर विसंबून असणारा मुलूख. या गावाच्या आणि त्याच्या भोवतालच्या वाड्यावस्त्यांच्या घोराचा विचार असन्निधानाच्या शास्त्राशी जोडून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आधी शास्त्राकडे जावे लागेल.

स्वामींचे गमन तेराव्या शतकाच्या आठव्या दशकातले. त्यानंतर आचार्य श्रीनागदेव, म्हणजे भटोबास, आणि इतर भक्तजन यांची जी अवस्था झाली तिचे दर्शन 'स्मृतिस्थळ' या ग्रंथाच्या आरंभी घडते. ज्यांनी स्वामींच्या श्रीमुखाने संसाराचे असारत्व ऐकले होते, जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचा निवाडा ज्यांच्यासमोर झाला होता, ते भक्तही वियोगाने व्याकूळ झाले. परंपरेने हे लपविले नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. उपदेश झालेल्या माणसाने शोक करू नये, शोक केला तर त्याचे ज्ञान कच्चे, अशी जी समजूत वरवरच्या श्रवणाने होते, तिला स्मृतिस्थळात कोठेही आधार सापडत नाही. ज्ञान पक्के होते, आणि दुःखही खरे होते. दोन्ही एकाच अंतःकरणात एकाच वेळी होती.

मग ते भक्त सावरले कसे? एकेकट्याने डोंगरात जाऊन सावरले नाहीत. ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस गेले. श्रीप्रभूंचे चरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांस ठाऊक आहे की त्या गावचे सर्व वर्णांचे लोक त्यांस आईच्या आणि बापाच्या ठिकाणी मानीत. श्रीप्रभू अंत्यजांच्या घरीही जात, लेकरांत खेळत, कोणाच्याही दारात उभे राहत. अशा ठिकाणी शोकाकुल भक्तमंडळी एकत्र राहिली. पाणी आणणे, झाडलोट, भोजनाची सिद्धता, श्रीप्रभूंच्या लहरीप्रमाणे धावपळ, यांत दिवसाला आकार आला. दुःखी माणसाला सकाळी उठण्यासाठी काहीतरी निमित्त लागते. सेवेने ते पुरविले. येथे कोणी असे म्हणेल की ती सेवा परमेश्वरावताराची होती, तिची तुलना सामान्य सोबतीशी कशी करावी? आक्षेप रास्त आहे. परंतु पुढे तेराव्या शतकाच्या नवव्या दशकात श्रीप्रभूही गेले, आणि तेव्हा मात्र मंडळींजवळ एकमेकांवाचून दुसरे काहीच उरले नाही. खरी कसोटी ती होय.

त्या कसोटीच्या काळात जे घडले त्याचे फळ 'लीळाचरित्र'. भटोबास एकांतात स्वामींच्या लीळांचे मनन करीत असत. म्हाइंभटांनी ते मनन मागून घेतले, आणि ज्याच्या ज्याच्या वाट्यास स्वामींचे जे सन्निधान आले होते त्याच्या त्याच्याकडून ते मिळवून, भटोबासांकडून पारखून, ऋद्धिपूर येथे वाजेश्वरीच्या स्थानी ग्रंथबद्ध केले. मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हणून वाङ्मयाचे इतिहासकार त्याचा गौरव करतात, आणि तो योग्यच आहे. पण तो ग्रंथ कोणत्या अवस्थेतून निर्माण झाला याकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. वियोगाने पोळलेल्या माणसांजवळ कोणीतरी जाऊन बसले, तुम्हास काय आठवते ते सांगा म्हणाले, आणि सांगितलेले मनापासून ऐकून लिहून घेतले, अशी त्या ग्रंथाची जन्मकथा आहे.

त्यातही एक बारकावा आहे. एकाच लीळेची दोघांची आठवण वेगळी निघाली तर एकाची खरी व दुसऱ्याची खोटी असा निकाल सरसकट दिला गेला नाही. वेगळी आठवण 'वासना' म्हणून नोंदली गेली. पाठभेदाची ही पद्धत पोथ्यांच्या अभ्यासकांस परिचित आहे. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा हिराइसांसारख्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला आणि त्यातूनच निरनिराळे पाठ निर्माण झाले. एकाचे हरवलेले दुसऱ्याजवळ सापडावे, ही सोय समुदायावाचून होत नाही.

आता शास्त्राकडे वळू. असन्निधानात जीवाने ज्यांच्या ठायी भजनक्रिया करावी अशी चार साधने मार्गात सांगितली आहेत : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. स्थान म्हणजे अवतारांच्या संबंधाने पवित्र झालेली भूमी. बीड जिल्ह्यातील उपदेशी मंडळींस आत्मतीर्थ पांचाळेश्वराचे उदाहरण पुरेसे आहे. गोदावरीकाठच्या त्या स्थानाचा श्रीदत्तात्रेयप्रभूंशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. प्रसाद म्हणजे अवतारांच्या स्पर्शाने संबंधित झालेली वस्तू. या दोन साधनांविषयी निरूपणे पुष्कळ होतात, यात्रा होतात, आणि ते उचितच आहे. उरलेल्या दोन साधनांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. भिक्षुक आणि वासनिक ही जिवंत माणसे आहेत. चारांपैकी दोन साधने माणसे असावीत, आणि त्या दोहोंपैकी एक तर घरसंसारात राहणारा गृहस्थ असावा, हा सामान्य योगायोग नव्हे. परमेश्वर दृष्टीआड असताना जीवाने ज्या ज्या ठिकाणी मस्तक टेकवावे त्यांत शेजारचा उपदेशी बांधवही येतो, असा त्याचा सरळ अर्थ आहे. दंडवत प्रणाम हे अभिवादन आपापसांत केले जाते ते याच नात्याने. ते नुसते शिष्टाचाराचे राहिले तर साधन हातचे गेले असे समजावे.

येथे एक शंका उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. सूत्रपाठाच्या आचारप्रकरणात अनुसरलेल्या पुरुषास स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषतः सोयऱ्याधायऱ्यांचा संबंध सोडण्याची आज्ञा आहे. ज्या शास्त्रात संबंधत्यागास एवढे महत्त्व, त्या शास्त्रात माणसाने माणसाचा आधार घ्यावा हे बसते कसे?

याचे उत्तर चौसाळ्यासारख्या गावी गेल्यावर जितके स्पष्ट दिसते तितके मठात बसून दिसत नाही. तेव्हा आता तिकडे जाऊ.

बीड जिल्ह्यातील लाखो माणसे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे चैत्राच्या आगेमागे, परततात. नवरा-बायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराच्या नावाने मोजण्याची ही रीत कोणी निर्माण केली कोण जाणे, पण ती रूढ आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची, ती लग्नात, आजारात, बियाण्यात किंवा जुन्या देण्यात संपावयाची, आणि मग पाच-सहा महिने पहाटेपासून ऊस तोडून ती फेडावयाची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' धरून दंड कापला जातो. फडाजवळच्या कोपीत संसार. मागे गावात म्हातारे आईबाप, आणि कधी शाळेसाठी ठेवलेली मुले. शासनाने अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहांची सोय केली, त्याने काही मुलांची शाळा टिकली. जी मुले बरोबर गेली त्यांच्या शाळेचे काय झाले ते सांगावयास नको.

ज्यांची थोडी जमीन आहे त्यांचा घोर निराळा नाही. १९७२ चा दुष्काळ अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतो. त्यानंतर २०१२–१३ आला, मग २०१५–१६. त्या वर्षी एप्रिल महिन्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात जनावरांसाठी शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या, आणि कित्येक कुटुंबांनी छावणीतच दावणीजवळ मुक्काम केला. मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांच्या नोंदींत बीड जिल्ह्याचे नाव वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले आहे.

या सर्व संकटांची कारणे पावसात, बाजारात, कर्जात आणि धोरणांत आहेत. सोबतीने ती दूर होतात असे कोणी समजू नये. विहिरीस पाणी सोबतीने लागत नाही. परंतु तेच संकट दोन घरांवर सारखेच कोसळते, आणि एक घर वाकते पण उभे राहते, दुसरे मोडते. त्या दोन घरांत फरक काय, याचा शोध घेतला तर पुष्कळदा असे दिसते की मोडलेल्या घरातील माणसाने आपला घोर कोणालाही सांगितलेला नव्हता.

का सांगितला नाही? माणसे नव्हती म्हणून? गाव तर माणसांनी भरलेले असते. येथेच मुख्य गोष्ट आहे. गावात ज्याच्याजवळ मन मोकळे करावे तोच बहुधा देणेकरी असतो. चुलतभाऊ बांधावरून भांडलेला, मेहुण्याकडून हातउसने घेतलेले, मुकादम नात्यातला, सोसायटीचा पदाधिकारी भावकीतला. व्याह्याला सांगावे तर मुलीच्या सासरी मान खाली जाते. आधार आणि भार हे एकाच माणसाच्या ठिकाणी बसलेले असतात. म्हणून कर्जाने ग्रासलेला माणूस आधी पाराकडे जाणे सोडतो, मग लग्नकार्यास जाणे सोडतो, शेवटी घरातही बोलेनासा होतो. लोक म्हणतात, तो तुसडा झाला. वास्तविक तो लाजेने दडलेला असतो.

आता संबंधत्यागाच्या आज्ञेकडे पुन्हा पाहावे. भिक्षुकाने स्वग्राम सोडले, सोयरे सोडले, जमीनजुमला सोडला. त्याला कोणाच्या बांधाशी कर्तव्य नाही, कोणाच्या उचलीशी नाही, कोणाच्या मुलीच्या सोयरिकीशी नाही. म्हणूनच गावातील माणूस जे भावास सांगू शकत नाही ते त्यास सांगू शकतो. संबंधत्याग हा माणसांपासून दूर जाण्यासाठी सांगितला आहे असे मानले तर भिक्षा हा नित्यविधी का, याचे उत्तर देता येत नाही. अटन, विजन, भिक्षा, भोजन, नामस्मरण असा भिक्षुकाचा दिनक्रम आहे. विजनात बसलेला भिक्षुक दररोज उठून कोणाच्या तरी दारात जातो. त्याने एकाच घरी जाऊ नये, निरनिराळ्या घरी जावे, यातही मर्म आहे. झोळीत अन्न पडते त्याच वेळी त्या घराचे दुःख नजरेस पडते. चुलीस जाळ आहे की नाही हे दारातून कळते.

त्याचबरोबर एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. जो भिक्षुक गावच्या निवडणुकीत एका बाजूस उभा राहिला, ज्याने जागेच्या वादात मध्यस्थी करून एकाचे हित पाहिले, ज्याच्या व्यासपीठावर मुकादमाचा आणि सावकाराचा सत्कार आधी होतो, त्याच्याजवळ ग्रासलेला माणूस येणार नाही. त्याने वेष सोडलेला नसतो, पण ज्या गुणाने तो साधन होता तो गुण गेलेला असतो. अलीकडे काही ठिकाणी मंडप मोठे झाले आणि दारोदारची भिक्षा कमी झाली. यात सोय आहे हे खरे. पण मंडपात येणारा माणूस स्नान करून, धुतलेले कपडे घालून येतो, आणि त्याचा घोर घरीच राहतो.

दुसरी शंका याहून खोल आहे. दुःख हे कर्माचे फळ होय, ते भोगल्यावाचून सुटत नाही, असे शास्त्र म्हणते. मग दुसऱ्याच्या दुःखात आपण हात का घालावा? हा प्रश्न पंडितीचा वाटतो, पण गावोगाव त्याचा उपयोग अगदी व्यवहारात होतो. घरधन्याने जीव दिला की त्याच्या विधवेस सांगितले जाते : तुझे प्रारब्ध. एवढे सांगून सांगणारा मोकळा होतो. त्या बाईच्या डोक्यावर नवऱ्याचे कर्ज, सासरच्यांचा रोष आणि आता वरून स्वतःच्या पूर्वकर्माचा दोष, असे तीन भार चढतात.

याच्या उत्तरासाठी लीळाचरित्रातील सशाची लीळा आठवावी. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा जीव घेऊन पळत आला आणि स्वामींच्या मांडीखाली शिरला. शिकारी मागोमाग आले आणि ससा मागू लागले. स्वामींनी तो दिला नाही. त्यांच्याशी बोलून त्यांस हिंसेपासून परावृत्त केले. आणि ते गेल्यावर गुडघा उचलून सशास आदराने निरोप दिला. ही लीळा अहिंसेच्या निरूपणात नेहमी सांगितली जाते. पण तिच्यात जे घडले नाही तेही पाहावे. सशाच्या पूर्वकर्माची चर्चा तेथे झाली नाही. शिकाऱ्याच्या हातून मरण हेच त्याचे प्रारब्ध असेल, असे कोणी म्हटले नाही. कर्मफलाचा सिद्धांत ज्यांनी सांगितला त्यांनीच शरण आलेल्या जिवास आधी जागा दिली. सिद्धांत साधकाने स्वतःस लावून पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या जखमेवर बांधण्यासाठी नाही. समोरच्याचे दुःख हे त्याच्या कर्माचे फळ असेलही, परंतु ते पाहून स्वस्थ बसणे हे बसणाऱ्याचे नवे कर्म आहे, आणि त्याचे फळ त्यालाच आहे.

आणखी एक गोष्ट त्या लीळेत आहे. स्वामी सशाच्या मागे धावले नाहीत. ते बसलेले होते आणि मांडीखाली जागा होती. भयभीत जिवास शिरता येईल अशी जागा आधीपासून मोकळी असावी लागते. संकट आल्यावर सोबत निर्माण करता येत नाही. ती रोजच्या जाण्यायेण्यात, बसण्याउठण्यात तयार झालेली असावी लागते.

पाश्चात्त्य अभ्यासकही निराळ्या मार्गाने याच ठिकाणी आले आहेत. फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवरील ग्रंथात असे दाखविले की हा प्रश्न केवळ एकट्या माणसाच्या मनाचा नसून तो समुदायाशी किती बांधलेला आहे याचाही आहे. १९८५ मध्ये शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन मांडले की गरजेच्या वेळी आपल्यामागे कोणी उभे राहील अशी खात्री ज्यास असते त्याच्यावर ताणाचा घाव कमी बसतो. यातील शब्द लक्षात घ्यावा : खात्री. प्रत्यक्ष मदत मिळाली की नाही हे नंतरचे. मुलुखाच्या भाषेत यालाच 'पाठीशी असणे' म्हणतात.

आता ऐकावे कसे, याविषयी थोडे. उपदेश करण्याची सवय लागलेल्यास ऐकणे जड जाते. स्वामींच्या परिवारात महादाइसा होत्या. त्या सतत प्रश्न विचारीत, आणि त्यांच्या चिकित्सक वृत्तीचे स्वामींस कौतुक होते. प्रश्न विचारला म्हणून त्यांस कोणी अश्रद्ध ठरविले नाही. दुःखी माणूसही प्रश्नच विचारतो. परमेश्वराने माझेच असे का केले, असे तो विचारतो, कधी कडवट शब्दांत विचारतो. त्यास लगेच सूत्र सांगून गप्प करणे म्हणजे महादाइसांस सभेतून उठविण्यासारखे आहे.

भाषेचेही तसेच. केसोबासांनी ग्रंथरचना संस्कृतात करण्याचे मनात आणले तेव्हा भटोबासांनी त्यांस अडविले, कारण त्यामुळे परिवारातील वृद्ध स्त्रिया वंचित झाल्या असत्या. मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. त्यात अभिमानापेक्षा काळजी अधिक आहे. सर्वांत दुर्बळ ऐकणाऱ्यास कळेल ते बोलावे, हा आचार्यांचा दंडक. घोर लागलेल्या माणसापुढे 'विकल्प', 'अविद्या', 'कर्मराटी' असे शब्द उच्चारणारा निरूपणकार हा दंडक मोडतो. जेवलास का, झोप लागते का, बाकी किती आहे, हे मराठीतले तीन प्रश्न त्या वेळी पुरेत.

स्त्रियांच्या घोराविषयी तर विशेष लक्ष द्यावयास हवे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. तपासणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम चुकले तर खाडा पडतो, फडात पाण्याची आणि आडोशाची सोय नाही, दुखणे अंगावर काढावे लागते, आणि दवाखान्यात भीती घातली जाते, अशी कारणे पुढे आली. ज्या मार्गाच्या प्रवर्तकांनी रजोदर्शनाचा विटाळ शरीराच्या इतर मलांच्या पंक्तीस बसवून निकालात काढला, त्या मार्गातील घरी तरी लेकीसुनेला हे दुखणे उघडपणे सांगता आले पाहिजे. तेथे तपस्विनींचे काम मोठे आहे. जी गोष्ट बाई महंतांपुढे काढणार नाही ती तपस्विनीजवळ काढते. परगावी दुसऱ्या डॉक्टरांस दाखवून घे, एवढे सांगणारी एक बाई वेळीच भेटली असती तर कित्येकींचे शरीर वाचले असते.

यावरून हेही ध्यानात यावे की सोबत ही औषधाची जागा घेत नाही. झोप तुटलेली, अन्न तुटलेले, मरणाची भाषा तोंडी आलेली, अशी लक्षणे दिसली की त्या माणसास एकटे न सोडता जिल्हा रुग्णालयात न्यावे. नामस्मरण कर, सर्व ठीक होईल, असे सांगून घरी पाठवू नये. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांसाठी शासनाच्या आरोग्य खात्याने समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात बीडचा समावेश होता. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि ती मराठीतही बोलते. आश्रमाच्या भिंतीवर यात्रेचे वेळापत्रक असते तेथे हा क्रमांकही लिहावा. यात श्रद्धेस कमीपणा नाही.

उरले वासनिक. भिक्षुक आज आहे, उद्या अटनास निघून गेला. निर्लोभ कान त्याच्यापाशी आहेत, पण रोजची भाकरी, रात्रीचा दिवा आणि पोराच्या शाळेची चौकशी ही वासनिकाचीच सेवा. चौसाळा परिसरात ऊसतोडीच्या हंगामात गावे अर्धी रिकामी होतात, आणि ज्यांना अधिक आधार हवा तेच मागे उरतात. अशा वेळी ज्या उपदेशी घरांतून माणसे गेली नाहीत त्यांनी गेलेल्यांची घरे वाटून घ्यावीत. पारायणाचे दिवस ठरतात, अन्नदानाची पाळी ठरते, त्याच बैठकीत हेही ठरावे : कोणाच्या म्हातारीस सांजेला कोण विचारील, कोणाच्या मुलाचा अभ्यास कोणाच्या ओसरीवर होईल, फडातून दूरध्वनी आला तर निरोप कोण पोहोचवील. ज्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार आहे त्याच्याकडे ते घर शक्यतो देऊ नये. कारण वर सांगितलेच आहे. भिक्षुकांनीही अटनाचा क्रम लावताना हंगाम पाहावा. चैत्रात माणसे परत येतात तेव्हा हिशेबाची वेळ असते. कोणाची उचल फिटली, कोणाची बाकी राहिली हे त्याच आठवड्यांत कळते आणि घराघरांत शांतता पसरते. त्या दिवसांत एखाद्या भिक्षुकाने त्या बाजूस असावे. आणि दसऱ्याच्या सुमारास, टोळ्यांच्या गाड्या भरू लागण्यापूर्वी, मागे कोण उरणार याची नावे आश्रमात कोणीतरी लिहून घ्यावीत. गाड्या गेल्यावर म्हातारीला जाऊन विचारले तर ती सर्व बरे आहे असेच सांगते.